महाटेंडर्स : निविदेचा वाद झाला तर कितपत उपयोगी?

राज्य शासनाचे ‘महाटेंडर्स’ हे ई-निविदा संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रणालीवर चालते. रस्त्यांची लहान कामे घेणारा कंत्राटदार म्हणून ते मला नेहमीच उघडावे लागते. येथे मात्र त्याचा विचार एकाच अंगाने करतो : कंत्राट कोणाला द्यायचे यावरून तंटा झाल्यास ते किती हाताशी येते?

देकाराच्या, म्हणजे कंत्राटदाराने भरलेल्या प्रस्तावाच्या, गोपनीयतेबाबत तक्रारीला फारशी जागा नाही. देकार डिजिटल स्वाक्षरीने सादर होतो, मुदत सर्व्हरच्या घड्याळावर संपते आणि नेमलेल्या अधिकाऱ्यांनी आपापल्या स्वाक्षरीने लिफाफा उघडेपर्यंत दर कोणालाच दिसत नाहीत. (दरपत्रकाच्या एक्सेल फाइलचे नाव बदलले तर प्रणाली ती स्वीकारत नाही, हा जाच सवयीने अंगवळणी पडतो.)

खरी मारामारी तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे पात्रतेच्या कागदपत्रांत, असते. डांबर प्लँट कामापासून किती किलोमीटरच्या आत हवा, कोणत्या कामाचा अनुभव धरायचा, असल्या अटींवरच एल-वन (सर्वांत कमी दराचा देकार देणारा) कोण होणार हे बरेचदा आधीच ठरते. एका नगरपालिकेने मला अपात्र ठरवताना ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढेच दोन शब्द लिहिले; कोणता कागद, कोणत्या अटीप्रमाणे, याचा पत्ता नाही. कारण किती तपशिलाने लिहायचे हे कार्यालयाच्या मर्जीवर राहते, आणि ही मोठी उणीव आहे.

कारण न्यायालयात वेळ फार महागात पडतो. मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या कंत्राटाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये प्राधिकरण स्वतःच जाहीर केलेल्या पात्रतेच्या निकषाला बांधील असल्याचे ठरवले, तरीही अर्जदार उशिरा आला आणि दरम्यान कंत्राटदाराचा खर्च होऊन गेला, म्हणून कंत्राट रद्द केले नाही. टाटा सेल्युलर प्रकरणापासून (1994) न्यायालय निर्णयापेक्षा निर्णयप्रक्रिया तपासते, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमातील 2018 च्या दुरुस्तीनंतर पायाभूत प्रकल्पांच्या कामांना मनाई हुकूम मिळणे आणखी अवघड झाले आहे. अशा वेळी तारीख-वेळ असलेली पोच, शुद्धिपत्रके आणि तांत्रिक मूल्यांकनाचा गोषवारा हाच वकिलाच्या हातातला ऐवज ठरतो, आणि तो येथून छापून घेता येतो.

म्हणून नोंदींसाठी पाचपैकी चार गुण, दाद मागण्याच्या सोयीसाठी जेमतेम दोन. अपात्रतेच्या कारणासोबत निविदेतील अटीचा क्रमांक लिहिल्याशिवाय आर्थिक (दरांचा) लिफाफा उघडताच येणार नाही, एवढी सुधारणा झाली तर दुसरा आकडा मी आनंदाने वाढवीन.