सफरचंदाचे खेळ: सहा महिन्यांच्या वापरानंतर

सफरचंद या एकाच विषयावरचा खेळांचा संच आम्ही आणला, तेव्हा धाकटी दोन वर्षांची होती आणि थोरल्याला नुकतेच चौथे संपले होते. रंगवायची चित्रे, अंकांच्या पट्ट्या, नाडी ओवण्यासाठी भोके पाडलेले पुठ्ठ्याचे सफरचंद आणि खऱ्या फळाने करायच्या खेळांची एक पातळशी पुस्तिका, एवढा त्याचा ऐवज. चित्रे आठवड्याभरात संपली. पट्ट्यांकडे थोरल्याने दुसऱ्यांदा पाहिलेसुद्धा नाही.

पुस्तिका मात्र अजून वापरात आहे. फळ आडवे कापल्यावर मधोमध पाच कप्प्यांची चांदणी दिसते, तिचे ठसे उमटवायचे, हा आमच्याकडचा सर्वांत लाडका खेळ. पहिला प्रयत्न फसला, कारण फळाच्या रसाने रंग पातळ होऊन कागदावर नुसते ओघळ आले. कापलेली बाजू फडक्याने टिपून थोडा वेळ तशीच ठेवावी, हे पुस्तिकेत सांगायला हवे होते. प्रत्येक कप्प्यात दोन बिया असतील या हिशेबाने थोरल्याने दहा मोजायला घेतल्या. सातच निघाल्यावर त्याने मलाच जाब विचारला!

फोड काळी पडण्याचा प्रयोगही चांगला रंगला. कापताना पेशी फुटतात, त्यांतील विकराचा (रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचा) हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध येतो आणि गर तपकिरी होतो. लिंबाच्या आम्लाने ही क्रिया मंदावते. आम्ही एका फोडीला लिंबू लावले, दुसरी तशीच ठेवली, आणि निकाल लागण्याआधीच धाकटीने दुसरी खाऊन टाकली. पाण्यात तरंगणारे सफरचंद बुडवण्यात तर तिचा अर्धा तास सहज जातो. फळाच्या आकारमानाचा साधारण 25 टक्के भाग हवाच असल्याने ते पुन्हा वर येते, आणि दर वेळी ती तितक्याच आश्चर्याने हसते. अर्थात, पाण्याजवळ मोठ्या माणसाने क्षणभरही न हलता बसले पाहिजे.

माझी खरी तक्रार सुरक्षिततेबाबत आहे. कच्च्या सफरचंदाचा कडक तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, याचा पुस्तिकेत उल्लेखच नाही, आणि कोणता खेळ कोणत्या वयासाठी हेही कुठे लिहिलेले नाही. धाकटीला आम्ही किसून किंवा वाफवून मऊ केलेलेच देतो आणि रंगाचे फळ खाण्याच्या ताटलीपासून दूर ठेवतो.

पुठ्ठ्याच्या सफरचंदाच्या कडा दुसऱ्याच महिन्यात उसवल्या. नाडी काढून घेतली आहे. सध्या धाकटी त्या सफरचंदाला पर्स म्हणते आणि काखेत धरून घरभर फिरते.