रेनी निकेलच्या नावाखाली 20 किलो लोखंड गळ्यात मारलं

चीड अजून उतरत नाही. सांगायची लाजही वाटते, पण तोच माणूस उद्या हा माल तुमच्या गळ्यात मारेल, म्हणून लिहितोय.

रेनी निकेल हा हायड्रोजनेशनचा, म्हणजे पदार्थात हायड्रोजन जोडण्याचा, उत्प्रेरक. तो ज्यातून करतात ती निकेल-ॲल्युमिनियमची 50:50 भुकटी, 20 किलो मागवली. मरे रेनींना 1927 मध्ये पेटंट मिळालं त्याच पद्धतीची मिश्रधातू. पैसे सगळे आगाऊ दिले. प्रमाणपत्र होतं, बॅच नंबर होता, आधी आलेला 50 ग्रॅमचा नमुना उत्तम निघाला होता. मग शंका कशी यावी? नमुना एक आणि माल दुसरा, हा खेळ तुम्हाला ठाऊकच आहे. मलाही ठाऊक होता.

पहिल्यांदा 100 ग्रॅम घेतली. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात टाकली की ॲल्युमिनियम विरघळून जातं, निकेल उरतं. खरी मिश्रधातू चमचाभर टाकली तरी कॉस्टिक उसळतं, फेस काठापर्यंत चढतो. 100 ग्रॅममधून साधारण 62 लिटर हायड्रोजन सुटतो. इथे नुसते बुडबुडे. मला वाटलं, बरंय, आटोक्यात आहे. आणि पहिल्याच चमच्याला स्टिरर बारवर, म्हणजे ढवळायच्या चुंबकी कांडीवर, भुकटीचे काटे उभे राहिले होते, लोहचुंबकाला कीस चिकटतो तसे. निकेल चिकटणारच, असं म्हणून मी पुढे गेलो. अहो, चिकटतं, पण ॲल्युमिनियम निघून गेल्यावर! निम्मं ॲल्युमिनियम असताना नाही. ते काटे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पोतं उघडल्याबरोबर आधी चुंबक फिरवा.

धुऊन तोललं तर 84 ग्रॅम शिल्लक. पन्नासच्या आसपास राहायला हवं होतं. हायड्रोजनेशनला लावलं, हायड्रोजन वापरला जाऊन दाब उतरायला हवा होता, पण दाबाचा काटा जागचा हलेना. उरलेलं बरणीत पाण्याखाली ठेवलं होतं; चार दिवसांत ते पाणी तांबूस झालं. निकेल गंजत नाही हो! 100 ग्रॅममधून 16च ग्रॅम ॲल्युमिनियम गेलं, म्हणजे खरी मिश्रधातू 32 ग्रॅम; ढोबळ हिशोबाने 20 किलोत खरा माल 6 किलो 400 ग्रॅम, बाकी लोखंड.

पोलीस म्हणाले, "माल मिळालाय ना? मग फसवणूक कसली?" तिथून दुसऱ्या कार्यालयात, तिथून तिसऱ्या. बँकेने हात वर केले, कारण पैसे मीच पाठवले होते. तिसऱ्या ठिकाणी ऐकलं, ओला नमुना चालत नाही, बरणीतलं वाळवून आणा. त्यात जे थोडं खरं निकेल आहे ते वाळलं की हवेत आपोआप पेटतं, हे तीनदा सांगितलं. उत्तर एकच, नियम आहे. ज्यांना एवढंही समजून घ्यायचं नाही, ते भेसळ काय पकडणार?

आगाऊ पैसे देऊ नका. मेसेज पुसू नका. नमुन्यावर नाही, आलेल्या पोत्यातल्या 10 ग्रॅमवर भरवसा ठेवा.

उरलेले 19 किलो 900 ग्रॅम सील करून ठेवलेत. तपासायला अजून कोणी आलेलं नाही.