६० मिमीच्या जाड मुठीचं डंबेल: सात-आठ महिने वापरल्यावर

नेहमीच्या डंबेलची दांडी साधारण २८-३० मिमी जाड असते. बोटं तिच्याभोवती पूर्ण वळतात, वरून अंगठा बसतो आणि पकड पक्की होते. ६० मिमीच्या मुठीवर बोटं आणि अंगठा एकमेकांना भेटतच नाहीत. माझी डेडलिफ्ट (जमिनीवरून दोन्ही हातांनी वजनाचा बार उचलणं) १३० किलोची, तरी या मुठीवर सुरुवातीला एका हाताने ३४ किलो उचलताना पंजा उघडायचा. पाठ आणि पाय तोवर दमलेलेही नसायचे.

या प्रकारातलं सगळ्यात नावाजलेलं डंबेल इंग्लंडच्या थॉमस इंचचं. वजन १७२ पौंड, म्हणजे ७८ किलो, आणि मूठ २.३८ इंच जाड. गोळे आणि मूठ अखंड ओतीव असल्यामुळे जमिनीवरून सुटताच ते सगळंच बोटांच्या टोकांकडे फिरू लागतं. ते फिरणं अंगठ्यालाच थोपवावं लागतं, म्हणून नुसत्या आकड्यावरून त्याचा अंदाज येत नाही.

आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात ‘दोन इंची’ म्हणून मिळणाऱ्या पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी असतो, म्हणजे थॉमस इंचच्या डंबेलच्या मुठीएवढाच! फॅब्रिकेशनवाल्याकडून मी हाताच्या पंज्यात बसेल एवढा तुकडा कापून घेतला, आतून प्लेटांचा रॉड घालून दोन्ही टोकांना जाड वायसरवर वेल्ड करून घेतला. जीआय (जस्ताचा थर दिलेला) घेऊ नका, काळा एमएस (साध्या पोलादाचा) घ्या. जस्ताच्या थरावर वेल्डिंग केलं की विषारी धूर निघतो, शिवाय तो पृष्ठभाग गुळगुळीत असतो. काळ्या पाइपवर पॉलिश पेपर आडवा घासला की हाताला छान खरखर लागते. पावसाळ्यात मात्र गंज धरतो, तेव्हा व्यायाम झाला की कोरड्या फडक्याने पुसून ठेवायचं. तेल अजिबात लावायचं नाही. प्लेटा स्क्रू कॉलरने (रॉडवर फिरवून घट्ट करायच्या कडीने) करकचून आवळायच्या. सैल राहिल्या की वजन हातात डुगडुगतं.

आठवड्यातून दोनदाच उचलतो, तेही बाकीचा व्यायाम व्हायच्या आधी. दर वेळी एकदाच उचलायचं (एकच रेप) आणि मधे भरपूर विश्रांती. घामट हातांना मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड हवीच. डंबेल धरताना आधी अंगठ्याचं बूड मुठीत रुतवून मग बोटं लपेटतो; या एका सवयीने सगळ्यात जास्त फरक पडला. जोडीला दोन प्लेटा गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून चिमटीत धरणं, आणि बोटांभोवती रबर बँड घालून पंजा उघडणं. हे दुसरं टाळू नका, कारण नुसतं आवळत राहिलं की कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणं सुरू होतं.

आता उजव्या हाताने ४९ किलो येतं, डाव्याने ४५. एकदम पाच किलो वाढवून चालत नाही, अर्ध्या आणि सव्वा किलोच्या प्लेटा लागतातच.

दांडीवर चढवायच्या रबरी खोळीही वापरून पाहिल्या. प्रवासात किंवा जिममध्ये सोयीच्या आहेत. पण रबर दाबलं जातं, पकडीला मदतही करतं, त्यामुळे तिथला आकडा लोखंडावर येत नाही. ज्याला खरंच एक दिवस ७८ किलो जमिनीवरून उचलायचे आहेत, त्याने पाइपच करून घ्यावा.