बेसबॉलचं बॉल-स्ट्राइक चॅलेंज: डीआरएसवर वाढलेल्या बेळगावकराचा रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच, पण आधी हे सांगतो की क्रिकेट बघणाऱ्या कुणालाही ही सिस्टीम दहा मिनिटांत कळते आणि एकदा कळली की आपल्या डीआरएसमध्ये काय काय खटकतंय तेही कळायला लागतं.

तर एबीएस म्हणजे ऑटोमेटेड बॉल-स्ट्राइक सिस्टीम. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने 15 जुलै 2025 ला अटलांटाच्या ट्रुइस्ट पार्कवर झालेल्या ऑल-स्टार मॅचमध्ये (मेजर लीगचे दोन भाग, नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग, त्यांच्या निवडक खेळाडूंची मॅच) ही वापरली, ऑल-स्टारमध्ये पहिल्यांदाच, मग सप्टेंबरमध्ये त्यांच्या कमिटीने मंजुरी दिली आणि 2026 च्या सीझनपासून नेहमीच्या मॅचमध्येही आली. आमच्या टिळकवाडी-शहापूरच्या मोजक्या बेसबॉलवेड्यांत ह्यावर इतका वाद झालाय की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं.

ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिचर, म्हणजे तिथला बॉलर, 60 फूट 6 इंचांवरून टाकतो, बॅटरसमोर जमिनीत 17 इंच रुंदीची प्लेट असते, तिच्या वर साधारण गुडघ्यापासून छातीच्या खालपर्यंत हवेतला एक चौकोन धरायचा. बॅटरने बॅट फिरवली नाही आणि चेंडू त्या चौकोनातून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. तीन स्ट्राइक झाले की आऊट, चार बॉल झाले की फुकटात पहिला बेस (असे चार बेस पार केले की एक रन). आपल्याकडे वाइड चुकला तर एक रन आणि एक जादा चेंडू, विषय संपला. इथे तीन बॉल दोन स्ट्राइक झालेले असताना अंपायरच्या एका शब्दावर एक तर माणूस आऊट नाही तर बेसवर. आणि हा निर्णय अंपायर कॅचरच्या, म्हणजे तिथल्या कीपरच्या, मागे वाकून, ताशी 150 किलोमीटरच्या आसपास येणाऱ्या आणि शेवटच्या क्षणी वळणाऱ्या चेंडूवर, एका मॅचमध्ये शंभराहून जास्त वेळा देतो. तिथले अंपायर शंभरातले साधारण 94 बरोबर देतात म्हणे, मला तर हा आकडा ऐकून त्यांचं कौतुकच वाटलं. पण उरलेले सहा नेमके कधी येतात हाच तर प्रश्न आहे.

चॅलेंज कसं चालतं बघा. प्रत्येक टीमला दोन. मागायचा हक्क फक्त तिघांना, पिचर, कॅचर आणि बॅटर. लगेच मागायचं, टोपीवर किंवा हेल्मेटवर टप्पल मारायची, बस्स. डगआउटमधून (टीम बसते तिथून) कोचने खूण करायची नाही, कुणाकडे बघून विचारायचं नाही. मग मैदानातल्या बारा हॉक-आय कॅमेऱ्यांनी टिपलेला चेंडूचा मार्ग मोठ्या स्क्रीनवर येतो, चौकोन दिसतो, चेंडू त्याला शिवला की नाही ते सगळ्या मैदानाला एकाच वेळी दिसतं. बरोबर ठरलात तर चॅलेंज शिल्लक राहतं, चुकलात तर एक गेलं. 2025 च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (सीझनआधीच्या सराव मॅचमध्ये) 13 मैदानांवर 288 मॅचमध्ये ही चाचणी झाली होती, तेव्हा एका चॅलेंजला सरासरी 13.8 सेकंद लागली. 13.8 सेकंद! आपल्याकडे थर्ड अंपायर अल्ट्रा-एज रोल करा, बॉल ट्रॅकिंग दाखवा म्हणत बसेपर्यंत माणूस चहा टाकून येतो.

आता ऑल-स्टारबद्दल. तिकडे मंगळवारची रात्र म्हणजे इकडे बुधवार 16 जुलैची पहाट, साडेपाच वाजता. शहापुरात मित्राच्या माडीवर लॅपटॉप, बाहेर आषाढाचा पाऊस धो धो, लाईट गेलेली म्हणून इन्व्हर्टरवर, आणि आमच्यात एक शाळेचे रिटायर पीटी सर ज्यांनी मुलींना वर्षानुवर्षं सॉफ्टबॉल शिकवला, एक काका जे टेनिस बॉलच्या टूर्नामेंटला अंपायरिंग करतात, आणि एक कन्नड मित्र जो आमच्या सगळ्यांपेक्षा बेसबॉल जास्त बघतो.

पहिल्याच इनिंगमध्ये नॅशनल लीगने दोन रन काढलेले. समोर मॅनी मचाडो, पिचर टारिक स्कूबल, काउंट शून्य बॉल दोन स्ट्राइक. स्कूबलने चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू) टाकला, खाली गुडघ्यापाशी. अंपायर डॅन आयासोन्या म्हणाले बॉल. कॅचर कॅल रॅलीने हेल्मेटला हात लावला. स्क्रीनवर चेंडू चौकोनाच्या खालच्या कडेला चिकटलेला दिसला, निर्णय फिरला, मचाडो आऊट. काका एकदम उठून उभे राहिले, "अरे, अंपायरचं तोंड बघ की, काय पण वाटून घेतलं नाही त्याने!" आणि खरंच, ना वाद ना हातवारे, खेळ पुढे सुरू. अंपायरिंग करणाऱ्या माणसाला आधी अंपायरचं तोंड दिसलं ही गोष्ट मला फार आवडली.

पाचव्या इनिंगला जेकब विल्सनने मॅकेन्झी गोरच्या चेंडूवर मिळालेला स्ट्राइक उलटवला, ऑल-स्टारमध्ये चॅलेंज मागणारा तो पहिला बॅटर. आठव्यात काइल स्टॉवर्सचं मात्र चुकलं, तीन बॉल दोन स्ट्राइकवर आंद्रेस मुन्योसचा फास्टबॉल खालच्या कडेला होता आणि स्टॉवर्स आऊटच राहिला, इनिंग संपली. पाच चॅलेंजपैकी चार निर्णय फिरले, हुकलं ते हे एकच.

पण खरी मजा नवव्या इनिंगची. नॅशनल लीग एकदा 6-0 ने पुढे होती, पीट अलॉन्सोचा तीन रनांचा होम रन (आपल्या सिक्ससारखा) वगैरे, आणि अमेरिकन लीगने भरून काढत काढत नवव्यात 6-6 केले, स्टीव्हन क्वानच्या एका लुटुपुटीच्या इनफिल्ड हिटवर (जवळच्या फिल्डरांपाशीच राहिलेला फटका). बेसवर माणूस, समोर रॅंडी अरोझारेना, पिचर एडविन डियाझ, दोन स्ट्राइक झालेले. डियाझने स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू) टाकला, अंपायर म्हणाले बाहेर. डियाझने लगेच चॅलेंज मागितलं. तिसरा स्ट्राइक! इनिंग संपली. ते चॅलेंज शिल्लक नसतं तर अरोझारेना अजून खेळत राहिला असता आणि मॅच तिथेच कुठे गेली असती सांगता येत नाही. माझं म्हणणं इथेच आहे, ह्या सिस्टीमची किंमत पहिल्या इनिंगला कळत नाही, बरोबरीत अडकलेल्या नवव्या इनिंगला कळते.

(पुढे नवीन नियमाने एक्स्ट्रा इनिंगऐवजी स्विंग-ऑफ झालं, दोन्हीकडून तीन तीन बॅटर, प्रत्येकाला तीन स्विंग, जास्त होम रन मारेल ती बाजू जिंकली. काइल श्वार्बरने तिन्हीच्या तिन्ही बाहेर मारले, शेवटचा तर एका गुडघ्यावर बसून, आणि नॅशनल लीग 4-3 ने जिंकली. एमव्हीपी, म्हणजे मॅन ऑफ द मॅच, तोच. आमच्यात अर्ध्यांना हे सुपर ओव्हरपेक्षा भारी वाटलं, अर्ध्यांना सर्कस. तो वेगळा विषय.)

आता वादाचे मुद्दे.

पीटी सरांचं पहिलं म्हणणं असं की मशीन आली की कॅचरची कला मेली. कॅचर चेंडू घेताना ग्लोव्ह हळूच आत आणतो, बाहेरचा चेंडू आतला वाटावा असा, त्याला फ्रेमिंग म्हणतात, आणि चांगला कॅचर ह्यावर सीझनभर कितीतरी स्ट्राइक मिळवून देतो. सर म्हणाले, "मी पोरींना मनगट कसं धरायचं हे शिकवण्यात निम्मी वर्षं घातली, आता ते सगळं वाया?" मला सरांचं दुखणं कळतं. पण म्हणूनच मी सगळे निर्णय मशीनने देण्याच्या विरोधात आहे आणि चॅलेंजच्या बाजूने आहे. ट्रिपल-ए मध्ये (मेजर लीगच्या खालच्या पायरीवर) दोन्ही प्रकार करून बघितले होते, पूर्ण मशीन पण आणि चॅलेंज पण, आणि मेजर लीगने चॅलेंज निवडलं. दोनच चॅलेंज हातात असतील तर रोजचे बहुतेक चेंडू अंपायरच्याच डोळ्यांवर राहतात, म्हणजे फ्रेमिंगला अजून जागा आहे. उलट कॅचरला आता अजून एक काम आलं, चौकोन मनात पक्का ठेवायचा आणि कुठे मागायचं ते ठरवायचं. त्या स्प्रिंग ट्रेनिंगच्या चाचणीत कॅचरांची चॅलेंजेस 56 टक्के बरोबर निघाली, बॅटरांची 50, आणि पिचरांची फक्त 41. पिचरला आपला प्रत्येक चेंडू स्ट्राइकच वाटतो! आपल्या बॉलरला प्रत्येक पॅडवरचा एलबीडब्ल्यू वाटतो तसंच. सरांना हे आकडे सांगितले तेव्हा ते थोडे निवळले.

दुसरा मुद्दा चौकोनाच्या उंचीचा, आणि हा मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. नियमाच्या पुस्तकातला चौकोन बॅटर कसा उभा राहतो त्यावर धरायचा, म्हणजे अंपायरचा अंदाज. एबीएसमध्ये खेळाडूची उंची मोजून ठेवतात, उंचीच्या 53.5 टक्क्यांवर वरची कड आणि 27 टक्क्यांवर खालची. सहा फुटी माणसासाठी वरची कड साधारण साडेअडतीस इंचांवर आणि खालची साडेएकोणीसवर. ॲरन जज सहा फूट सात इंच, त्याची वरची कड 42 इंचांच्या वर जाते, आणि होसे अल्टुवे पाच फूट सहा, त्याची जेमतेम 35. म्हणजे कितीही वाकून उभे रहा, चौकोन तुमचा तुमच्या मापाचा. आयपीएलमध्ये 2024 पासून कमरेवरच्या नो-बॉलसाठी खेळाडूंची कमरेची उंची आधीच मोजून ठेवायला लागले, तीच ही कल्पना, म्हणून आमच्या पोरांना हे लगेच पटलं.

आणि अर्धा स्टार इथे कापला. एबीएसचा चौकोन म्हणजे प्लेटच्या मधोमध उभी केलेली एक काच. चेंडू तिला शिवला तर स्ट्राइक. पण नियमाच्या पुस्तकात प्लेटवरची सगळी जागा धरलेली आहे, पुढच्या कडेपासून मागच्या टोकापर्यंत. एखादा मोठा कर्व्ह पुढच्या कडेला चौकोनात घुसून मध्यावर येईपर्यंत खाली उतरला तर जुन्या नियमाने स्ट्राइक आणि काचेच्या हिशोबाने बॉल. पिचरने पोटाला चिमटा घेऊन शिकलेला चेंडू असा वाया जाऊ नये. कॅमेऱ्यांना सगळी जागा मोजता येते तर मोजावी, एवढंच.

कन्नड मित्राची तक्रार वेगळी. त्याच्या मते केसभर शिवलं तरी स्ट्राइक हे क्रूर आहे, डीआरएससारखा अंपायर्स कॉल पाहिजे होता. ह्यावर आमचं सगळ्यात जास्त वाजलं. माझं मत ठाम उलट आहे. अंपायर्स कॉल म्हणजे तोच चेंडू स्टंपला तेवढाच लागणार असताना एकाला आऊट आणि एकाला नॉट आऊट, आणि घरी बसलेल्या आजीला ते समजावता समजावता आपलीच फेफे उडते. एलबीडब्ल्यूमध्ये चेंडू पुढे कुठे गेला असता ह्याचा अंदाज लागतो म्हणून तिथे थोडी सूट समजण्यासारखी आहे. इथे चेंडू प्लेटवरून प्रत्यक्ष गेलेला असतो, अंदाज कसला. शिवला की शिवला. शेवटी तो "हौदप्पा, अदू सरी" (हो बाबा, तेही बरोबर) म्हणाला खरा, पण पुढच्या मॅचला परत तेच काढतो.

काकांनी मात्र मला विचारात टाकलं. ते म्हणाले, दोन चॅलेंज कमी आहेत असं वाटतं, पण कमी आहेत म्हणूनच बरं आहे, नाहीतर प्रत्येक चेंडूला हेल्मेट बडवतील. आणि मग त्यांनी आमच्या इकडच्या टूर्नामेंटचा विषय काढला. वॅक्सिन डेपोवर असो की लेले मैदानावर, लाईटखालच्या टेनिस बॉल मॅचला वाइडवरून काय होतं ते इथल्या प्रत्येकाने बघितलंय. एकदा एका फायनलला (कुठली ते लिहीत नाही) शेवटच्या ओव्हरच्या एका वाइडवरून दोन्ही टीमचे सगळे आत, मग बाहेरून टीमचा मालक आत, मग मालकाचा मित्र आत, अंपायरच्या भोवती तीस माणसं, आणि मॅच पाऊण तास बंद. काकाच अंपायर होते. त्यांचा निर्णय बरोबर होता की चूक हे आजपर्यंत कुणाला माहीत नाही, पण त्या रात्री त्यांना जे ऐकून घ्यावं लागलं ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही.

म्हणून काकांना ही सिस्टीम कॅमेऱ्यासाठी आवडलेली नाही. बारा हॉक-आय कॅमेरे आपल्याला कोण देणार. त्यांना आवडली ती शिस्त. मागायचा हक्क तिघांनाच, बॉलर, कीपर, बॅटर. लगेच मागायचं. बाहेरून कुणी बोलायचं नाही. टीमला दोनदाच. आणि मग लेग अंपायरला विचारून किंवा स्कोररच्या शेजारी स्टँडवर लावलेला मोबाईल बघून जे ठरेल ते फायनल. मोबाईल क्रीजच्या रेषेत लावला तर कमरेवरचा फुलटॉस आणि बाऊन्सरचा वाइड तरी बऱ्यापैकी दिसतो, आम्ही लावून बघितला. ऑफच्या बाहेरच्या वाइडला उपयोग नाही, त्याला मोबाईल समोरून पाहिजे. गणपतीनंतरच्या एका छोट्या टूर्नामेंटला हे करून बघू का म्हणून काका आयोजकांना विचारूलालेत.

ज्यांना स्वतः बघायचंय त्यांच्यासाठी: 2026 ची ऑल-स्टार फिलाडेल्फियाच्या सिटिझन्स बँक पार्कवर 14 जुलैला ठरलीय, म्हणजे आपल्याकडे 15 ची पहाट. लवकर उठायला जमत नसेल तर एमएलबीच्या यूट्यूब चॅनेलवर नंतर हायलाइट्स येतात, पण चॅलेंजची मजा हायलाइट्समध्ये निम्मीच, कारण कुणी कधी मागितलं नाही हे तिथे दिसत नाही. नवख्याने पहिल्या दोन इनिंग फक्त कॅचरकडे बघावं, चेंडूकडे नको.