खाचांची वही, उडणारी शाई आणि न सापडलेला ळ : सात महिने वापरल्यावर

परवा लेकीच्या डायरीत बाईंचा शेरा आला, 'पालकांची सही नाही.' सही होती. ह्यांनी रात्री हाताला लागलं त्या पेनाने ठोकली होती, आणि ते पेन निघालं खाचांच्या वहीबरोबर आलेलं, उडणाऱ्या शाईचं. सकाळी सही गुल. वर्गाच्या दारात उभं राहून बाईंना हे पटवून देताना माझी जी शोभा झाली, तेव्हाच ठरवलं, सात महिने राहिलेला रिव्ह्यू आज लिहून टाकायचा.

वही कोणती हे सांगत बसत नाही, मोबाइलवर जाहिरात सगळ्यांनी पाहिलेली आहे. पानावर अक्षरांच्या खाचा असतात, पेन त्यातून फिरवून गिरवायचं आणि थोड्या वेळाने शाई आपोआप उडते, की तेच पान पुन्हा गिरवायला मोकळं. चार वह्या, एक पेन, दहा रिफिली आणि बोटं अडकवायचा रबरी मासा. मला २९९ रुपयांना पडलं. जूनमध्ये मागवली, लेक तेव्हा पहिलीत गेली होती.

पहिले पंधरा दिवस मी खूश. पोरगी आपणहून वही काढून बसायची. मग शाळेतून गृहपाठ आला : 'शाळा' हा शब्द पाच वेळा लिहा. म्हटलं, आधी वहीत गिरवून घेऊ. बघते तर श भलत्याच वळणाचा आणि ळ नाहीच! ज्ञ झाला की पुढच्या पानावर खाली टिंब दिलेले ड़ आणि ढ़. सरळसरळ हिंदीची वही, पाकिटावर मात्र ठळक 'हिंदी / मराठी'. ल सुद्धा दंडाचा. आपल्या शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून ल पाकळीचा आणि श देठाचा असं ठरवून दिलंय, २०२२ मध्ये ते पुन्हा बजावलंय. पण वही छापणाऱ्याला त्याचं काय?

एका अक्षरासाठी एवढा त्रागा, असं ह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, पहिलीच्या पोराचं ळ शिवाय एक पान तरी हलतं का ते दाखवा. शाळा, फळा, वेळ, खेळ, बाळ, केळं, डोळे. रंग घ्या : काळा, पिवळा, निळा, जांभळा. विक्रेत्याशी चॅट केलं तर उत्तर आलं, 'मॅम, देवनागरी सेम ही होती है.' परत करायची सात दिवसांची मुदत तोवर उलटून गेली होती. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जाऊन चार दुकानं पालथी घातली, सगळीकडे तीच वही. चौकाच्या नावातच ळ आहे, पण वहीत नाही!

खरी खोट मात्र माझ्या लक्षातच आली नव्हती, सासूबाईंच्या आली. एकदा भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अगं, ही क शेपटाकडून लिहितेय." बघितलं तर खरंच. शेपूट, मग पोट, मग काठी, तीही खालून वर. खाचेला काय, कुठूनही शिरा, अक्षर सुबकच उमटणार. बाणाची खूण आहे, पण वहीच्या पहिल्या दोन पानांवरच. साध्या दुरेघी वहीत तोच क लिहायला दिला, तर काठी एकीकडे आणि पोट दुसरीकडे. ग ची तर फाळणीच झाली होती. आणि शाई उडून गेल्यावर काल कसं लिहिलं होतं ते बघायलाही काही उरत नाही. त्या दिवशी मी वही कपाटावर टाकली आणि चाळीस रुपयांची पाटी आणली. सासूबाईंनी ताटात रवा पसरून बोटाने अक्षरं काढायला बसवलं ते वेगळंच. (तो रवा नंतर चाळून ठेवला. उपमा केला का, विचारू नका.)

इथवर लिहून थांबले असते तर एक तारा दिला असता. पण पाटीवर वेगळीच पंचाईत झाली. ही बया चुकलं की लगेच पुसायची. साध्या वहीत तर खोडरबर घासून घासून कागदाला भोक पाडायची, मग रडायची. दिवाळीच्या सुट्टीत एकदा स्वतःच स्टूल लावून खाचांची वही काढली. विचारलं, हीच का? म्हणाली, "ह्यात चुकलं तरी आपोआप जातं." शाई उडते म्हणून मी नाक मुरडत होते आणि तिला नेमकं तेच हवं होतं.

मग वहीच दुरुस्त करायला घेतली. लाल नेलपॉलिशची बाटली घेऊन दोन संध्याकाळी प्रत्येक अक्षराच्या सुरुवातीला एकेक ठिपका दिला. 'लाल दिव्यापासून गाडी सुटते' एवढा एकच नियम. महिन्याभरात क ची काठी वरून खाली यायला लागली.

ळ घरीच पाडला. जुनी लग्नपत्रिका घेतली, जाड पुठ्ठ्याची. खाली वर्तमानपत्राची घडी ठेवली आणि संपलेल्या बॉलपेनाने एकाच रेघेवरून सात-आठ वेळा जोर देऊन फिरवलं. चांगली खाच पडते, पेन्सिलीचं टोक तिच्यातून घसरत नाही. मागच्या बाजूला तोच ळ उलटा, फुगून येतो, त्यावरून बोट फिरवायलाही तिला मजा वाटते. आधी ती दोन सुटे गोळे काढून वर देठ चिकटवायची, त्याला 'गॉगल' म्हणायची. आता गॉगल एका दमात येतो. त्याच पत्रिकेच्या पाकिटावर पाकळीचा ल आणि देठाचा श पाडला.

रिफिलींचा हिशेब : दहा रिफिली पाच आठवड्यांत संपल्या. टोपण उघडं राहिलं की वाळतात, आणि टोपण लावणारं पहिलीतलं मूल मी अजून पाहिलेलं नाही. पुढचं दहाचं पाकीट ९९ ला. आता पाच दिवस सुक्या पेन्सिलीने खाच गिरवायची आणि शनिवार-रविवारीच शाई, असा कायदा केलाय.

रबरी मासा मात्र वसूल. पेनावर सैल होता, अंगठी करून आठ दिवस फिरत होती. तिकोनी पेन्सिलीवर चढवला तर घट्ट बसला, मूठ सुटून तीन बोटं आली.

तर अडीच तारे. अर्धा माशाचा, दोन उडणाऱ्या शाईचे. ळ छापला असता तर चार दिले असते. ते पेन आता स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीमागे असतं, ह्यांच्या हाताला लागणार नाही असं. धाकटा जूनमध्ये मोठ्या गटात जाईल, तेव्हा कुणाला ळ असलेली खाचांची वही दिसली तर दुकान कळवा. पत्रिका माझ्याकडे अजून दोनच शिल्लक आहेत.