फिल्टरचा संच, कलर हेड की स्प्लिट ग्रेड?

घरच्या डार्करूममध्ये ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढायला लागलं की कॉन्ट्रास्टचा, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातल्या फरकाचा, प्रश्न लवकरच समोर उभा राहतो. फिल्टरचा संच घ्यावा, कलर हेडचा (दिव्याच्या डब्यातच रंगीत फिल्टर असलेला) एन्लार्जर बघावा की थेट स्प्लिट ग्रेड, म्हणजे एकाच प्रिंटला दोन फिल्टरने दोन एक्स्पोजर देणं, शिकावं?

मल्टिग्रेड कागदाच्या (फिल्टरने कॉन्ट्रास्ट बदलता येणाऱ्या कागदाच्या) इमल्शनचे, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या थराचे, सगळे घटक निळ्या प्रकाशाला सारखी दाद देतात, हिरव्याला मात्र कमी-जास्त. म्हणून निळ्या प्रकाशात प्रिंट कडक (जास्त कॉन्ट्रास्टची) येते, हिरव्यात मऊ. पिवळा फिल्टर निळा प्रकाश अडवतो, मॅजेंटा हिरवा. तिन्ही वाटांना काम हेच, फरक फक्त हाताळणीचा.

इलफर्ड कंपनीच्या संचात 00 (सर्वांत मऊ) ते 5 (सर्वांत कडक) अशा ग्रेडचे, अर्ध्या पायऱ्या धरून, 12 फिल्टर येतात. 3½ पर्यंत फिल्टर बदलला तरी एक्स्पोजरची वेळ तीच राहते, 4 पासून दुप्पट करायची. हा हिशोब मधल्या करड्या छटेवर बेतलेला आहे, त्यामुळे हायलाइट (चित्रातले उजळ भाग) थोडे सरकतातच आणि ग्रेड बदलली की नवी टेस्ट स्ट्रिप (वेळ ठरवायची चाचणी पट्टी) काढावी लागते. फिल्टर लेन्सखाली लावत असाल तर त्यावरचा बोटाचा ठसासुद्धा प्रिंटची धार घालवतो. निगेटिव्हच्या वर फिल्टरचा खण असेल तर ही चिंता नाही.

कलर हेडमध्ये नुसती चकती फिरवायची, अधलीमधली कुठलीही ग्रेड मिळते. पसरलेल्या प्रकाशामुळे निगेटिव्हवरचे ओरखडेही कमी दिसतात. पण प्रत्येक कंपनीच्या चकतीवरचे आकडे वेगळे, मॅजेंटा वाढवला की प्रकाश घटतो आणि वेळ पुन्हा बसवावी लागते. शिवाय पूर्ण मॅजेंटा लावूनही बऱ्याच हेडवर खरी 5 ग्रेड गाठता येत नाही. पातळ, फिकट निगेटिव्ह असतील तर हे नक्कीच जाणवेल. हेड आधीपासून असेल तर खुशाल वापरा, केवळ कॉन्ट्रास्टसाठी मात्र विकत घेऊ नका.

स्प्लिट ग्रेडबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. आधी 00 ने हायलाइट, मग 5 ने काळे. ही दोन एक्स्पोजर अख्ख्या चित्राला दिली, तर निघते ती कुठल्यातरी मधल्या ग्रेडचीच प्रिंट. त्यात वेगळी जादू नाही. खरी कमाई होते ती चित्राच्या एखाद्या भागात. खिडकीशी बसलेल्या माणसाचं एक निगेटिव्ह माझ्याकडे होतं. चेहरा 3 वर सुरेख येत होता, पडदा मात्र कोरा पांढरा. त्याच फिल्टरने पडदा बर्न केला, म्हणजे तेवढ्या भागाला जादा प्रकाश दिला, की शेजारची लाकडी चौकट काळी ठिक्कर व्हायची. मग तेवढाच भाग 00 ने बर्न केला. डेव्हलपरमध्ये पडद्याच्या चुण्या हळूहळू उमटल्या आणि चौकटीतले लाकडाचे रेषे जागेवर राहिले. फक्त मध्ये फिल्टर बदलताना एन्लार्जरला धक्का लागता कामा नये, नाहीतर कडा दुहेरी येतात.

म्हणून नवख्याला माझं सांगणं: संच घ्या, पहिले काही महिने एकाच फिल्टरने प्रिंट काढा. वेळ हायलाइटवरून ठरवा, ग्रेड काळ्यावरून. स्प्लिट ग्रेडला 00 आणि 5 लागतात, ते संचात असतातच. जुना संच मिळत असेल तर मॅजेंटा फिल्टर पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. दिव्याच्या उष्णतेने ते वर्षानुवर्षं फिके पडत जातात, मध्यभाग कडेपेक्षा फिका दिसला तर तो संच घेऊ नका.