साधं डिझेल, प्रीमियम की ड्रममधलं बायोडिझेल: ट्रॅक्टरवाल्याने काय भरावं?

मशागतीचे दिवस आले की डिझेलचा खर्च डोळ्यांत खुपायला लागतो. मग कोणी पंपावरचं प्रीमियम भरून बघायला सांगतो, कोणी ड्रममधलं स्वस्त ‘बायोडिझेल’ सुचवतो.

आधी आपला ट्रॅक्टर कोणता ते बघा. ५० एचपीच्या वरचा आणि २०२३ नंतरचा असेल तर तो ट्रेम-४ (ट्रॅक्टरच्या धुरावरचा सरकारी नियम) चा, म्हणजे बहुधा सीआरडीआय, कॉम्प्युटरच्या ताब्यात खूप दाबाने डिझेल फवारणारा. त्यात डिझेल हजार बारच्या (बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा दाब) वर दाबलं जातं आणि इंजेक्टरच्या, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या भागाच्या, आतल्या फटी केसाहून बारीक असतात. ड्रमचा माल त्यात टाकूच नये. पुढची तुलना ५० एचपीच्या आतल्या, इंजिनावर साधा यांत्रिक डिझेल पंप असलेल्या ट्रॅक्टरसाठी.

साधं आणि प्रीमियम यांत वाटतं तेवढं अंतर नाही. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे कमी प्रदूषणाच्या सरकारी मानकाचं डिझेल मिळतं. त्यात गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १० (आधी ५०) आणि सीटेन किमान ५१. डिझेलचा फवारा सिलिंडरमध्ये गेल्यावर किती चटकन पेटतो, ते सीटेनवरून कळतं. सीटेन कमी पडला तर डिसेंबरच्या पहाटे इंजिन पांढरा धूर सोडत खडखडतं. जास्त असला तर ते लवकर सुरू होतं, आवाज मऊ येतो, धुरातलं न जळालेलं इंधन कमी होतं. ताकद मात्र सीटेनने वाढत नाही. प्रीमियमचा खरा उपयोग त्यात मिसळलेल्या, नोझल (फवाऱ्याचं तोंड) साफ ठेवणाऱ्या अ‍ॅडिटिव्हचा. नोझल चांगले असतील तर वरचे पैसे माझ्या मते फिल्टरवर घातलेले बरे. आणि लोडवर काळा धूर येत असेल तर आधी एअर फिल्टर आणि नोझल बघा, डिझेल नंतर.

‘नवीन डिझेल कोरडं, पंप खाते’, म्हणजे इंजिनाचा डिझेल पंप झिजवतं, असं बरेच कास्तकार म्हणतात. गंधक काढताना वंगणाचे घटकही जातात, हे खरंच. म्हणूनच रिफायनरीत ते वेगळे मिसळतात आणि मानकात त्याची घर्षण चाचणीही आहे. वरून टू-स्ट्रोक ऑइल ओतायची गरज नाही.

आता बायोडिझेल, म्हणजे वनस्पती तेलापासून किंवा चरबीपासून बनवलेलं इंधन. अस्सल बायोडिझेल वाईट नाही. त्यात वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड कमी होतं. नायट्रोजन ऑक्साइड थोडे वाढतात. वंगणही चांगलं. पण लिटरमागे ऊर्जा साधारण ८ टक्के कमी, म्हणजे स्वस्ताईचा तेवढा भाग तिथेच जातो. टाकीतला जुना गाळ ते सोडवतं, म्हणून सुरुवातीला फिल्टर चोंदतात. जुने रबरी पाइप फुगतात. बायोडिझेल पाणी धरतं आणि काही महिन्यांत खराब होतं. एका हंगामाचं उरलेलं पुढच्या हंगामात वापरायचं नाही.

पण ड्रममध्ये हेच असेल याची खात्री कोण देणार? त्या नावाखाली भलतंच तेलही विकलं जातं, आणि रॉकेलची भेसळ तर जुनीच. ट्रॅक्टरचा पंप डिझेल वजनाने मोजत नाही, आकारमानाने मोजतो. रॉकेल हलकं, त्यामुळे प्रत्येक फवाऱ्यात ऊर्जा कमी जाते आणि ढेकळाच्या वावरात रोटाव्हेटर लावला की ट्रॅक्टर लोड घेत नाही. शिवाय ते पातळ. गरम इंजिनात प्लंजरच्या (पंपातल्या दट्ट्याच्या) फटीतून मागे गळतं आणि प्लंजर झिजवतं. इंजिनाचा पंप दुरुस्त करायचा खर्च आला की लिटरमागे वाचवलेले रुपये कुठल्या कुठे जातात. मी तरी हा माल घेणार नाही.

साधं डिझेल घ्या, पण ते वावरात उन्हात ठेवू नका. अर्धा भरलेला ड्रम दिवसा तापतो, रात्री आत दव धरतं आणि पाणी तळाला साचतं. ड्रम सावलीत आणि शक्यतो भरलेला ठेवा, तळाचं डिझेल टाकीत ओतू नका आणि फिल्टरखालचा पाण्याचा नट अधूनमधून सोडा.

पंपावरच्या मालाची शंका आली तर घनता मोजून मागा, ते सामान पंपावर असतंच. १५ अंश सेल्सिअसच्या हिशोबात बदलून घेतलेला आकडा त्यांच्या नोंदीपेक्षा घनमीटरला ३ किलोहून जास्त वेगळा निघाला, तर तिथे भरू नका.